सौरभ नेत्रावळकरला मुंबईने हाकललं नव्हतं

पुण्यात मुलांना नेट्सला पाठवणाऱ्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो. त्याचं म्हणणं: मुंबईने आपल्याच सौरभ नेत्रावळकर या वेगवान गोलंदाजाला संधीच दिली नाही, म्हणून तो अमेरिकेला खेळायला गेला आणि तिथून भारतावर सूड उगवला, आपल्याकडे वशिल्याशिवाय काही होत नाही, तेव्हा पोरांचं क्रिकेट वेळेत सोडवा.

संधीच दिली नाही? २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, के. एल. राहुल, जयदेव उनाडकट त्याच संघात होते. पुढे मुंबईकडून रणजी सामनाही खेळला. एकच, हे खरं आहे आणि त्याला ते लागलंही असेल. पण २०१३-१४ च्या त्या हंगामातले मुंबईचे वेगवान गोलंदाज आठवा: झहीर खान, धवल कुलकर्णी, शार्दूल ठाकूर. या तिघांच्या पुढे नंबर लागला नाही, तर त्याला वशिलेबाजी म्हणायचं?

तो अमेरिकेला गेला तो २०१५ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स करायला. मग ओरॅकलमध्ये नोकरी. क्रिकेट मागे पडलं होतं, ते त्याने नोकरी सांभाळून पुन्हा उभं केलं. एप्रिल २०१९ मध्ये नामिबियातल्या स्पर्धेत अमेरिकेला वनडेचा दर्जा, म्हणजे अधिकृत आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने खेळण्याचा मान, मिळाला, तेव्हा कर्णधार तोच होता. त्या स्पर्धेचा उल्लेख मात्र या मजकुरात कुठेच नसतो. लोकांना आठवते ती टी-२० विश्वचषकातली ६ जून २०२४ ची सुपर ओव्हर, म्हणजे सामना बरोबरीत सुटल्यावरची निर्णायक ओव्हर: अमेरिकेच्या १८ धावा, पाकिस्तानला त्याने १३ वर रोखलं. त्याआधीच्या चार षटकांत १८ धावांत दोन बळी घेतले होते, त्यामुळे त्या ओव्हरला नशीब म्हणता येणार नाही.

सूडाची गोष्ट तर मला फार बोचते. त्याच विश्वचषकात १२ जूनला न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध त्याने कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितला ३ वर बाद केलं. ज्या संघाकडून तो उतरला त्याच्यासाठी जीव तोडून टाकलेले चेंडू होते ते. आयसीसीच्या नियमाप्रमाणे वास्तव्याच्या जोरावर तो त्या संघात होता, त्यात चोरी नाही की गद्दारी नाही. भारत तो सामना सात गडी राखून जिंकला.

राहिला सल्ला. एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक तो इंजिनिअरिंगला असतानाच खेळला. त्याच्या नावाने मुलांची बॅट काढून घेऊ नका.