आलेलं गिऱ्हाईक कसं घालवावं

घराजवळ एखादं छोटंसं रेस्टॉरंट काढायचा विचार आहे? जरूर काढा. फक्त एक धोका लक्षात घ्या: जेवण बरं निघालं तर लोक परत येतात. मग त्यांचे चेहरे लक्षात ठेवा, 'नेहमीचंच ना?' असं विचारा, नसत्या भानगडी मागे लागतात. तेव्हा वेळीच बंदोबस्त केलेला बरा.

टेबल पुसायचं फडकं कधीही धुऊ नका.

गाणी इतक्या मोठ्यानं लावा की समोरच्याला 'मीठ दे' सांगायलाही खाणाखुणा कराव्या लागतील.

स्वयंपाकी सारखा बदलत राहा. कालची चव आज लागली की माणसाला सवय लागते, आणि सवय फार वाईट.

सगळी मदार मात्र मेनूकार्डावर. ते जाडजूड हवं. आत दोनच माणसं राबत असली तरी कार्डावर दीडशे पदार्थ पाहिजेत. दीडशे पदार्थांचा माल भरायचा कुठे, निवडायचा-चिरायचा कोणी, असले प्रश्न विचारू नका. सकाळी पातेलंभर रस्सा करायचा आणि त्याला चौदा नावं द्यायची. वर काय भुरभुरलं एवढाच फरक. पातेलं दिवसभर ओट्यावर राहू द्या. शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, ५ अंशांच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिचं काय जातंय सांगायला!

आणि जे आपल्याकडे होतच नाही, ते कार्डावर ठळक छापा. परवा आम्ही असंच एक ठळक मागवलं. वेटरनं लिहून घेतलं. पाणी आलं. आमच्या मागून आलेले शेजारच्या टेबलावर जेवून हात पुसायला लागले, तेव्हा हा उगवला. "सर, ते आज नाहीये." बरं, दुसरं सांगितलं. आत जाऊन आला. "तेही नाहीये." मग आहे तरी काय? "तुम्ही सांगा ना, सर." मी सांगू? स्वयंपाकघर तुमचं की माझं? आणि हे 'आज' काय प्रकरण आहे? मागच्या खेपेलाही ते 'आज' नव्हतं! बसल्या बसल्या त्या पदार्थाच्या किमतीवरचा स्टिकर नखानं उचकटला, तर खाली आणखी एक स्टिकर. म्हणजे जो पदार्थ कधी चुलीवर चढलाच नाही, त्याची किंमत यांनी दोनदा वाढवलीय. कमाल आहे की नाही?

शेवटी घास तोंडात असताना फोन पुढे धरून पाच स्टार मागा. सवलत? ती पहिल्यांदा येणाऱ्यांना. रोज येणाऱ्याला कशाला, तो जातोय कुठे?

जातो हो. न सांगता जातो. आम्ही काही थाटमाट बघायला येत नाही. दमून येतो, घरी काही करायचं त्राण नसतं, म्हणून चार पावलं चालून येतो. पंधराच पदार्थ ठेवा, पण ते करा. संपलं असेल तर बसायच्या आधी सांगा. संपल्याचा राग कोणालाच येत नाही. उलट ताजं करता आणि खपतं म्हणून बरंच वाटतं. राग येतो तो भुकेल्या माणसाला ताटकळत ठेवल्याचा. आणि त्या कोवळ्या पोराला आमच्या तोंडी देऊन तुम्ही मालक म्हणून गल्ल्यावर फोनात डोकं खुपसून बसता त्याचा. त्याला आत काय शिल्लक आहे ते कोणी सांगायचं? आम्ही? ठेवा तो फोन. आत जाऊन बघा काय आहे ते, आणि बाकीचं खोडा. पेन नसेल तर माझं घ्या.