गादीचं वजन 3 किलो 700 ग्रॅम

आज संध्याकाळी एक आई वसतिगृहावर आली होती. दिवाळी झाली, उद्या पहाटे त्यांची ऊसतोडीची टोळी निघणार, साखर कारखाना कर्नाटकातला. पोरगी आठवीत आहे, ती आमच्याकडं राहणार. एसटी स्टँडपासून डोक्यावर वाकळ घेऊन चालत आली होती बिचारी. मी म्हटलं, ताई, कशाला एवढं ओझं आणलंत, इथं गादी आहे, चादर आहे, ब्लँकेट आहे. ती काही बोलली नाही. लेकीच्या कॉटपाशी गेली, गादीवर तळहात ठेवला आणि दाबला. हात थेट पत्र्याला टेकला.

"बाई, खाली पत्रा लागायलाय की. पोरगी म्हनत होती, मला खरं वाटलं न्हवतं."

मला उत्तर देता आलं नाही. त्या गाद्या मिळाल्या, तपासल्या, बरोबर आहेत, असं लिहून देणारी मीच आहे. तेव्हापासून डोकं ठणकतंय. मुली झोपल्या, आता लिहून टाकते.

माझ्या यादीत मास्तर आहेत, ग्रामसेवक आहेत, दवाखान्यातले लोक आहेत, त्यांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सरकारी कचेऱ्यांना वस्तू घ्यायच्या तर जेम नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, 2016 च्या ऑगस्टात सुरू झालेलं. 2017 साली आपल्या राज्य शासनानंही शासन निर्णय काढून आपल्या विभागांना तिथं आणलं. किरकोळ वस्तू थेट घेता येतात, त्यावरच्या रकमेला निदान तीन उत्पादकांचे दर समोरासमोर ठेवून सगळ्यात कमी दर निवडायचा, आणि मोठी खरेदी असली की बिड, म्हणजे ऑनलाईन निविदा. कमी दराच्या माणसाला एल-वन म्हणतात. कामंही वाटून दिलेली आहेत. कार्यालयप्रमुख नुसती खाती उघडून देतो, त्याला स्वतःला ऑर्डर टाकता येत नाही. ऑर्डर टाकणारा बायर वेगळा, माल उतरवून घेणारा कन्साइनी वेगळा, पैसे देणारा आणखी वेगळा. एकाच हातात सगळं राहू नये म्हणून. चांगलाच विचार आहे, मला मान्य आहे.

गृहपाल म्हणून मी कन्साइनी. बायर जिल्ह्याला बसतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गाद्यांची मागणी मी ऑगस्टमध्ये दिली होती. जुन्या गाद्यांचा भुगा झाला होता, त्यांचं निर्लेखनही, म्हणजे नोंदवहीतून कमी करणं, उरकून ठेवलं होतं. अनुदान आलं फेब्रुवारीत. बिड झालं, एल-वन ठरला, आणि 22 मार्चला रात्री साडेआठला टेम्पो दारात. 75 गाद्या, हवा काढून गुंडाळलेल्या, एकेक नळकांडं पोत्याएवढं. मुली नाचायला लागल्या. त्यांना वाटलं, कापलं की फुगणार. मोठ्या मुलींनी कात्रीनं प्लास्टिक कापलं आणि सगळ्या गोल करून बसल्या, गादी कशी वर येते ते बघायला.

आली वर, थोडी. सकाळपर्यंत आणखी थोडी. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि मधोमध मोजलं, सव्वातीन इंच. ऑर्डरमध्ये चार इंच. मग मला राहवेना. ऑर्डरमध्ये फोमची डेन्सिटी 32 लिहिली होती, म्हणजे एका घनमीटरला 32 किलो. सहा बाय तीन फुटांची चार इंची गादी म्हणजे सहा घनफूट, सुमारे 0.17 घनमीटर. 32 नं गुणा, 5 किलो 400 ग्रॅमच्या वर भरलं पाहिजे. सातवीचं गणित आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर आणला, ज्याच्यावर आम्ही तूरडाळ तोलतो तो, आणि गादी घडी करून त्याच्यावर ठेवली. 3 किलो 700 ग्रॅम, कव्हर धरून. दुसरी ठेवली, तीच गत. पाच तोलल्या. एकही चारच्या वर गेली नाही.

मी ते सगळं एका कागदावर लिहिलं. फोटो काढले. पोर्टलवर कन्साइनीला माल नाकारता येतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. माल आल्याची तात्पुरती पावती आधी द्यायची, मग तपासून 10 दिवसांत स्वीकृतीचं प्रमाणपत्र, त्याला सीआरएसी म्हणतात. त्यात किती नग आले, किती स्वीकारले, किती नाकारले आणि का, असे रकाने आहेत. नाकारलेला माल पुरवठादारानं परत न्यायचा, बदलून द्यायचा. ज्यानं ही पद्धत बसवली त्यानं माझ्यासारखीचा विचार करून ठेवला होता. मी 75 नाकारणार होते.

25 मार्चला फोन आला. "मॅडम, तेवढं सीआरएसी करून टाका. 31 ला पैसे व्यपगत होतील, पुढच्या वर्षी मिळतील का सांगता येत नाही. मुली जमिनीवर झोपतील, चालेल का तुम्हाला?"

फोन कुणाचा ते लिहिणार नाही. तो माणूस वाईट नाही, त्याच्यावरही वरून तसाच फोन आला असणार. पण हे वाक्य, "मुली जमिनीवर झोपतील", मी अजून विसरलेले नाही. आमच्या पोरींचंच नाव पुढं करून आमच्याच पोरींच्या अंगाखालचा फोम काढून नेला. मी ऑफिसात बसले, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी आला, टाकला. स्वीकारलेले नग 75, नाकारलेले नग 0. वजनाचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, गाद्या चढवल्या, सही केली. दहा दिवसांच्या आत पुरवठादाराचं बिल निघालं म्हणे. तेवढं मात्र सगळं वेळेत.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, की बघा, ऑनलाईनचं हे असंच, जुनं बरं होतं. अजिबात नाही. मी नोकरीला लागले तेव्हा तीन दरपत्रकं मागवायची पद्धत होती आणि तिन्ही लेटरहेडवर अक्षर एकाच माणसाचं असायचं. मधल्या दराचं दुकान मेव्हण्याचं, वरच्या दराचं भावाचं. दोनशेची बादली चारशेला घेतलेली मी पाहिलीय आणि कारकून म्हणून तुलनात्मक तक्तेही मीच करून दिलेत. आज कुठलाही माणूस पोर्टल उघडून दर बघू शकतो. आमचा प्रिंटर, मुलींच्या अभ्यासिकेतले संगणक तिथूनच आले, बाजारापेक्षा स्वस्तात आणि व्यवस्थित. हे कबूल केलं पाहिजे.

पण संगणकाचं मॉडेल नंबरवरून कळतं. गादीचं काय कळणार? तिच्यावर झोपावं लागतं. आणि जी झोपते तिला कुणी विचारत नाही. स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्यानं यातली एकही कॉट पाहिलेली नाही. आमच्या कॉट पत्र्याच्या आहेत, काही ठिकाणी पत्रा मधे खोलगट झालाय, तिथं चार इंच फोमसुद्धा कमीच पडतो. हे मला माहीत आहे, मावशींना माहीत आहे, आठवीतल्या पोरीला माहीत आहे. बिडमध्ये ते कुठंच नाही.

आणि राग खरा कशाचा येतो सांगू? मार्चचा. मागणी ऑगस्टात जाते, पैसे फेब्रुवारीत येतात, मग पोर्टल असो की लिफाफे, माल मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच येणार. पुरवठादारालाही हे माहीत असतं. 22 मार्चला आलेली गादी कोण परत पाठवणार आहे? दहा दिवस तपासायला दिलेत आणि वर्ष संपायला नऊ राहिलेत. हलका माल नेमका मार्चमध्येच का येतो, ते स्टोअर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा.

आमच्या गावात गादीवाले एक चाचा आहेत. पिंजण्याचं मशीन आहे त्यांच्याकडं. सहा बाय तीनच्या गादीत आठ-दहा किलो कापूस भरतात, आणि तो कापूस इथलाच, आपल्या रानातला. दोन-तीन वर्षांनी गादी बसली की उसवायची, कापूस पिंजायचा, परत भरायचा. माझ्या लग्नातली गादी त्यांच्या वडिलांनी भरलेली आहे, आजही घरात आहे. मी त्यांना म्हटलं होतं, चाचा, उद्यम नोंदणी फुकट होते, जेमवर नाव घाला. पासबुक आणि आधार घेऊन आलेसुद्धा. पण जिल्ह्यातल्या सगळ्या वसतिगृहांची मागणी एकत्र करून एकच बिड निघतं, शेकड्यांनी नग. त्यात उलाढालीची अट, अनुभवाची अट. लघुउद्योगांना सूट द्यायचा पर्याय असतो तिथं, तो खूण करून द्यावा लागतो, आणि ती खूण करायची आठवण कुणाला राहत नाही. शिवाय फोमच मागितलेला, कापूस नाहीच. चाचांना शेकड्यांनी गाद्या महिन्यात जमल्या नसत्या, हेही खरंय. आमच्या 75 जमल्या असत्या.

तर ही गादी. दोन वर्षं त्या पोरी तिच्यावर झोपताहेत आणि मला एकीनंही तोंडावर सांगितलं नाही. ही बीडच्या डोंगरपट्ट्यातली पोरं आहेत. कोप्यात, म्हणजे उसाच्या फडावरच्या झोपडीत वाढलेली, पाचटावर झोपलेली. त्यांना वाटतं, कॉट मिळाली हेच खूप झालं. तक्रार करायची असते हेच त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आई उचल घेऊन मुकादमाच्या हिशोबात अडकलेली, लेक शासनाच्या. आणि मी, शासनाची माणूस म्हणून तिथं बसलेली, वजनाचा कागद ड्रॉवरमध्ये घालून.

तो कागद आज काढला. घडीवर पिवळा पडलाय, आकडे स्वच्छ वाचता येतात. त्या वेळी मी नाकारलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आज पुन्हा केला. पैसे गेले असते कदाचित. उन्हाळ्याच्या सुट्टीला महिना राहिला होता, मुलींनी सतरंजीवर काढला असता. जूनमध्ये मी परत भांडले असते. एवढंच झालं असतं. त्या दिवशी फोनवर ते डोंगराएवढं वाटलं.

यंदा आणखी 40 गाद्यांची मागणी दिली आहे, प्रवेश वाढलेत. मागणीपत्रात एक ओळ घातली, "प्रति नग निव्वळ वजन किमान 5 किलो 400 ग्रॅम, कव्हर वगळून. उतरवून घेताना प्रत्येक नग तोलला जाईल." जिल्ह्याहून विचारणा झाली, मॅडम, असं कुणी लिहितं का? मी म्हटलं, मी लिहिलंय, आवक क्रमांक घेऊन ठेवलाय. माझ्यासोबत काम करणाऱ्या सगळ्या गृहपाल बायांना हात जोडून सांगते, तुम्हीही लिहा. एकटीनं लिहिलं की ती भांडखोर ठरते. आणि माल आला की काटा बाहेर काढा, फोन आला तरी. माझ्या आईवडिलांनी मला नोकरीला लावलं ते ओटीपी टाकायला लावलं नव्हतं.

कुणी वर्तणूक नियम काढून दाखवणार असेल तर दाखवा. मी कुणाचं नाव घेतलं नाही, चूक माझी आहे ती माझी म्हणूनच लिहिली आहे.

त्या बाईनं वाकळ अंथरली. जुन्या लुगड्यांची, चार थरांची, मधे एक हिरवं काठपदराचं ठिगळ, सासूच्या लुगड्याचं म्हणाली. टाके एवढे बारीक की बोटाला लागत नव्हते. गादीवर घातली, परत तळहात ठेवून दाबला, या वेळी पत्रा लागला नाही. लेकीला म्हणाली, झोप बरं. मग दारात येऊन मला विचारलं, "बाई, वाकळ ठिवलेली चालतीया ना? घरचं सामान म्हून कोनी बोलंल काय? आमी शिमग्याच्या टायमाला आलाव की नेते."

राहू द्या ताई, म्हटलं. शिमग्यापर्यंत राहू द्या.