खोकून हृदय सुरू होत नाही, दादा

माझा मोठा भाऊ ६१ वर्षांचा आहे. कॉलेजात असल्यापासून हॉकी खेळतो आणि आजही रविवार चुकवत नाही. मागच्या महिन्यात सलग दोन रविवार खेळताना त्याचा डावा खांदा भरून आला, जबड्यापर्यंत कळ गेली, आणि दोन्ही वेळा तो खेळतच राहिला. कारण काय, तर जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. वहिनीने फोन केला म्हणून मला कळलं. त्यानंतर तोच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवला. शेवटचा तर चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाकडून आला, खाली ‘प्रत्येक खेळाडू मित्रापर्यंत पोहोचवा’ अशी विनंती. आता गप्प बसवत नाही.

मेसेज पन्नाशीपुढच्या हॉकीपटूंसाठी आहे. त्याचं म्हणणं असं: आयुष्यभर खेळलेल्याचं हृदय पोलादी असतं. हॉकीत अधूनमधून बाकावर बसायला मिळतं, त्यामुळे हृदयावर ताण येत नाही. स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर पळवून केलेली हृदयाची तपासणी) नॉर्मल आली की वर्षभर निर्धास्त राहा. खेळताना खांदा दुखला तर तो स्नायू असतो, थांबू नका, घाम आला की मोकळा होतो. झटका आलाच तर जोरजोरात खोका, हृदय पुन्हा सुरू होतं. आणि मैदानावरच्या शॉकच्या यंत्राला डॉक्टरशिवाय कोणी हात लावू नये.

खोकल्यापासून सुरुवात करते, कारण या एका वाक्याने माणूस जाऊ शकतो.

मेसेज लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे. हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि त्या भागाच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. माणूस बहुतेकदा शुद्धीवर असतो, हृदय धडधडत असतं. बंदच न पडलेलं हृदय सुरू काय करायचं? आणि खोकून गुठळी सुटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हृदय बंद पडणं. त्यात हृदयाची विजेची लय बिघडते, ते नुसतं थरथरतं, मेंदूकडे रक्त जात नाही आणि काही सेकंदांत माणूस कोसळतो. बेशुद्ध पडलेला माणूस खोकणार कसा, एवढा साधा प्रश्न मेसेज पुढे ढकलणाऱ्या कुणालाच पडू नये?

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगते. १९७६ साली डॉक्टरांनी कॅथलॅबमधलं, म्हणजे हृदयात नळी घालून तपासतात त्या खोलीतलं, एक निरीक्षण प्रसिद्ध केलं होतं. तपासणी चालू असताना लय बिघडलेले रुग्ण सांगितल्याबरोबर खोकत राहिले तर थोडा वेळ शुद्धीवर राहत होते. पण तो रुग्ण टेबलावर असतो, समोर पडद्यावर त्याची लय दिसत असते आणि शॉकचं यंत्र हाताशी तयार असतं. तिथून उचललेली गोष्ट मैदानावर एकट्या पडलेल्या माणसाला उपाय म्हणून सांगणं हा गुन्हा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट सांगितलंय की सामान्य लोकांना हे शिकवू नये. खोकत बसण्यात जी दोन-चार मिनिटं जातात, त्या वेळात रुग्णवाहिकेला फोन झालेला असतो.

खांद्याचा मुद्दा दिसायला साधा, पण माझ्या घरात नुकसान त्यानेच केलं. हृदयाचं दुखणं छातीच्या डाव्या बाजूलाच येतं, असं कुठे आहे? छातीच्या मधोमध दाब, खांदा, हात, जबडा, पाठ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, नुसता दम लागणं, यातलं काहीही असू शकतं. ओळखायची एक मोठी खूण आहे, आणि ती प्रत्येक खेळाडूने लक्षात ठेवावी: धावलं की येतं, थांबलं की ओसरतं. स्नायू दुखावला असेल तर हात वर केला, खांदा दाबला की दुखतो. दादाचा खांदा दाबून दुखत नव्हता. तो स्टिक घेऊन पळाला की पाचव्या मिनिटाला भरून यायचा आणि बाकावर टेकला की दोन मिनिटांत मोकळा. त्याने स्वतःच हे मला सांगितलं, आणि वर म्हणाला, “बघ, मेसेजमध्ये म्हटलंय तसंच, मोकळा होतो.” मला त्या क्षणी रडू फुटलं.

असं झालं तर खेळ तिथेच थांबवायचा, बसायचं आणि शेजारच्याला मोठ्याने सांगायचं. कळ थांबली तरी त्या दिवशी पुन्हा उतरायचं नाही, आणि डॉक्टरकडे जाणं पुढच्या आठवड्यावर टाकायचं नाही. न थांबणाऱ्या कळेला सरळ रुग्णवाहिका. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जायचं नाही.

आता ‘बाकावर बसायला मिळतं म्हणून ताण नाही’. हे मोजून झालेलं आहे. कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये हौशी आइस हॉकी खेळणाऱ्या ११३ पुरुषांच्या अंगावर खेळताना होल्टर, म्हणजे ठोके सतत टिपणारं छोटं यंत्र, लावून नोंदी घेतल्या गेल्या. हा अभ्यास २००२ साली कॅनडाच्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. वय सरासरी ४३ च्या आसपास, म्हणजे दादापेक्षा बरेच तरुण. त्यांच्या ठोक्यांचा कमाल आकडा सरासरी मिनिटाला १८४ निघाला. वयानुसार जी कमाल मर्यादा धरतात, तिच्या ८५ टक्क्यांच्या वर त्यांचं हृदय सरासरी अर्धा तास होतं. बाकावर बसण्याची विश्रांती धरून. थोडक्यात जोरात पळायचं, बसायचं, पुन्हा पळायचं, हा खेळाचा धर्मच आहे, आणि हृदयाला तो सलग चालण्यापेक्षा कितीतरी जड जातो. मैदानावरच्या हॉकीत धावणं वेगळं असेल, पण झेप, थांबा, झेप हा प्रकार तोच. बाकावर सुरक्षित असतो म्हणावं तर आइस हॉकीपटू जे बाउमीस्टर ११ फेब्रुवारी २०२० रोजी सामना चालू असताना बाकावरच कोसळला. वय ३६, व्यावसायिक खेळाडू. शॉकच्या यंत्रामुळे वाचला.

स्ट्रेस टेस्टचंही उत्तर याच अभ्यासात आहे. ट्रेडमिलवर ताण पायरीपायरीने वाढवतात आणि ठोके ८५ टक्क्यांपर्यंत गेले की चाचणी पुरेशी झाली असं धरतात. सामन्यात त्याच रेषेच्या वर अर्धा तास काढायचा असतो. शिवाय चाचणीत पकडली जाते ती रक्ताची वाट अडवणारी मोठी अडचण. रक्तवाहिनीतला चरबीचा लहान थर अचानक फुटून गुठळी झाली तर ती आधी कळत नाही. दादाची टेस्ट आठ महिन्यांपूर्वी नॉर्मल होती. टेस्ट करून घ्यावीच, पण तिचा कागद म्हणजे वर्षाची हमी नव्हे.

पोलादी हृदयाचं फार लांबवत नाही. नियमित व्यायाम करणाऱ्याला मेहनतीच्या वेळचा धोका बैठ्या माणसापेक्षा खूप कमी असतो, हे मान्य. पण नियमित म्हणजे आठवड्यातले बरेच दिवस. सहा दिवस खुर्चीत आणि सातव्या दिवशी दीड तास जिवाच्या आकांताने पळणं त्यात बसत नाही. आणि रक्तदाब, साखर, सिगारेट, घराण्यातला इतिहास या गोष्टी कॉलेजातले गोल बघून सोडून देत नाहीत.

राहिलं यंत्र. एईडी, म्हणजे हे मैदानावरचं शॉकचं यंत्र, डॉक्टरांसाठी बनवलेलंच नाही. ते लय स्वतः तपासतं, गरज नसेल तर शॉक देतच नाही, आणि पुढे काय करायचं ते बोलून सांगतं. त्यामुळे ‘चालू हृदय बंद पडेल’ ही भीती बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये ते सुरक्षारक्षकांनी वापरलं. कोणाच्या तरी डोळ्यांदेखत कोसळलेल्या ज्या माणसांना तीन मिनिटांच्या आत पहिला शॉक मिळाला, त्यांतले ७४ टक्के वाचले. उशीर झालेल्यांत ४९ टक्के. यंत्र येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं. पडलेला माणूस मधूनच घुरघुरतो, आचके देतो. तो श्वास समजून थांबू नका. छाती घामाने ओली असेल तर पुसून घ्या, मग यंत्राचे पॅड चिकटवा.

दादाची अँजिओग्राफी झाली, एक रक्तवाहिनी बरीच अरुंद निघाली, स्टेंट बसला. सध्या तो देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम करतोय आणि खेळायला कधी मिळणार म्हणून डॉक्टरांच्या मागे लागलाय. परवा तो मैदानावर गेला, खेळायला नव्हे, यंत्र बघायला. कपाटाला कुलूप, किल्ली ज्याच्याकडे त्याची रविवारी सुट्टी. किल्ली मागवून उघडलं तर आतल्या पॅडची मुदत संपलेली होती. कुलूप त्याने तिथल्या तिथे काढायला लावलं. नवीन पॅड येईपर्यंत त्यांचा रविवारचा खेळ बंद आहे, आणि ग्रुपवर त्या मेसेजच्या खाली हे त्याने स्वतः लिहिलंय.