तीन मार्कांसाठी गप्प बसा

"पोरीला छोट्याच कॉलेजात टाका, तिथं प्रत्येकावर वैयक्तिक लक्ष असतं" असा सल्ला ज्यानं कुणी आमच्या पप्पांना दिला, त्याला मला एकदा सकाळी सहाला आमच्या हॉस्टेलच्या बाथरूमसमोर रांगेत उभं करायचंय. हातात बादली देऊन. रिकामी.

लक्ष आहे की, भरपूर आहे! गेटमधून कोण किती वाजता आत आलं, कुणाच्या स्टेटसला काय आहे, कुणाचा मामेभाऊ डबा द्यायला आला आणि तो खरंच मामेभाऊ आहे का, सगळ्यावर लक्ष आहे. टाकीत पाणी आहे का, तेवढं बघायचं राहून जातं.

कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीत, सोलापूरचं बी. फार्म लागलं तेव्हा राहायचे पर्याय मोजून तीन. सरकारी हॉस्टेल, ज्याची यादी कॉलेज सुरू झाल्यावर कधीतरी लागते. जुळे सोलापुरात चौघींनी मिळून खोली करायची, ज्याला मम्मीनं ऐकायच्या आधीच नाही म्हटलं. आणि कॉलेजच्या आवारातलं हे हॉस्टेल. प्रवेशाच्या दिवशी फीची रांग, कागदपत्रांची रांग, झेरॉक्सची पळापळ, आणि त्या गडबडीत क्लार्क विचारणार, "हॉस्टेल पाहिजे का? चारच कॉट राहिल्यात." (चारच राहिलेल्या असतात. दरवर्षी. सीनियर पोरींना विचारा.) दाखवली तळमजल्यावरची खोली, नुकता रंग दिलेली. दिली वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची. सोलापूरचा एप्रिल-मे ज्यानं काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर, रात्री अकराला भिंतीला पाठ टेकवत नाही, पंखा फक्त गरम हवा फिरवतो, आणि आमची परीक्षा नेमकी याच दिवसांत. कूलर लावायचा नाही, बिल येतं. गच्चीला कुलूप, कारण "पोरींना गच्चीवर काय काम?" झोपायचं काम आहे हो मॅडम, झोपायचं!

पैसे मात्र वर्षाचे एकरकमी. डिपॉझिट वेगळं. मध्येच सोडलं तर त्यातला रुपया परत नाही.

आता पाणी. मी करमाळ्याकडची. आमच्या शिवाराला उजनीचं बॅकवॉटर लागतं, आजोबांची चांगली काळी जमीन त्या पाण्याखाली आहे. ११७ टीएमसीचं धरण. सोलापूर शहर पितं ते याच उजनीचं पाणी. म्हणजे आमच्या जमिनीवरून वाहून जे पाणी शंभरावर किलोमीटर इकडं येतं, त्याच्या एका बादलीसाठी मी इथं रांगेत भांडते. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी, हे सोलापूरकरांना इतकी वर्षं सवयीचं झालंय की ते त्यावर चिडतसुद्धा नाहीत. पण म्हणून तर घराघरांत सिंटेक्सच्या टाक्या, बॅरल, हौद असतात ना! शहरात पाण्याची बोंब आहे हे ज्याला माहीत आहे, त्यानं हॉस्टेल बांधताना दुप्पट टाकी बांधावी, की एकच टाकी बांधून माहितीपत्रकात '२४ तास पाणी' छापावं? बोअर आहे म्हणे. आहे. त्याचं पाणी एवढं जड की साबणाला फेस येत नाही आणि केसांचा झाडू होतो. तेही लाइट असेल तर. टँकर कधी येतो? कॉलेज तपासायला कमिटी येणार असली की. कमिटीच्या दिवशी बाथरूममध्ये हँडवॉशसुद्धा असतो. संध्याकाळी परत जातो.

मेस सक्तीची. जेवा नाहीतर उपाशी राहा, पैसे कापलेलेच. मालदांडी ज्वारीचा हा जिल्हा, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन आहे, शहरात कुठल्याही कोपऱ्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळते. आणि आम्हाला? दुपारच्या चपात्या रात्री, बटाटा रोज, आमटीत डाळ शोधावी लागते. भाकरी मागितली तर मेसवाले काका म्हणतात, "भाकरीला बाई परवडत नाही." बरं, काकांवरही राग काढून उपयोग नाही. त्यांना संस्थेकडून बिलच वेळेवर मिळत नाही, हे ते स्वतः सांगतात. पण खाड्यांचं, म्हणजे न जेवलेल्या दिवसांच्या वजावटीचं काय? आठवड्याच्या शेवटी गावी गेलं की दोन दिवसांचे खाडे पडतात ना? नाही पडत. सलग पाच दिवस गेलात, त्याआधी लेखी अर्ज दिला, त्यावर सही झाली, तर वजावट. आम्ही ८० टक्के हजेरीच्या धाकाखाली जगणाऱ्या पोरी, सलग पाच दिवस जाणार कुठं? नियम करणाऱ्याला हे पक्कं माहीत आहे. म्हणूनच पाच.

गेट सातला बंद. मुलांचं साडेनऊला. लायब्ररी आठपर्यंत उघडी, म्हणजे शेवटचा तास कुणासाठी ते समजून घ्या. आमच्याकडच्या जेऊर स्टेशनहून यायचं तर गाडीच्या लेट होण्यावर माझा काय ताबा? तरी गेटवर उभं राहून पप्पांना फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा, वॉचमनकाकांसमोर त्यांनी "हो, माझीच मुलगी" म्हणायचं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला अख्खं सोलापूर होम मैदानावर असतं. वर्गातल्या इथल्या पोरी विचारतात, शोभेचं दारूकाम बघायला येणार ना? आम्ही खिडकीच्या जाळीतून नुसते आवाज ऐकतो.

हे सगळं चालवून घेतलं असतं. घरीही पाणी भरलंय, घरीही बटाटा खाल्लाय. डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तक्रार करायची कुणाकडं?

मोठ्या कॉलेजात रेक्टर, म्हणजे हॉस्टेल सांभाळणारं माणूस, ऑफिसमधलं कुणीतरी असतं, भांडा आणि विसरा. आमची साठ जणांची एकच तुकडी. रेक्टर मॅडम आम्हाला एक विषय शिकवतात. आणि ज्यांना फार्मसीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: थिअरीच्या १०० पैकी २५ मार्क कॉलेजच्या हातात. त्यात १५ सेशनल, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचे, १० कंटिन्युअस मोडचे, म्हणजे सेमिस्टरभराच्या वागण्या-कामाचे. त्या दहात ४ हजेरीचे, ३ अ‍ॅक्टिव्हिटीचे आणि ३, नीट ऐका, 'स्टुडंट-टीचर इंटरॅक्शन'चे. म्हणजे मॅडमशी तुमचं कसं जमतं याचे तीन मार्क, मॅडमच्याच हातात. मग रात्री नळ कोरडा पडल्यावर खाली जाऊन त्यांचं दार कोण वाजवणार?

एकदा सगळ्यांनी सह्या करून अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी वर्गात, शिकवता शिकवता, मॅडम म्हणाल्या, "हल्ली काही मुलींना अभ्यास सोडून नेतागिरी सुचतेय." बस. एवढंच. कुणाचं नाव नाही, ओरडणं नाही. पण अक्षर कुणाचं होतं हे साठ जणांच्या वर्गात कळायला किती वेळ लागतो? त्या पोरीच्या पप्पांना फोन गेला, "जरा समजावून सांगा, मुलगी हुशार आहे." तिचे पप्पा घाबरले, तिलाच झापलं. पुढच्या अर्जाला सह्या मिळाल्या नाहीत. मी तरी कोणत्या तोंडानं मागणार होते?

आणि वरून ज्याला सांगावं तो म्हणतो, "अ‍ॅडजस्ट कर." मावशी म्हणते, पप्पा म्हणतात, सीनियर म्हणतात. अ‍ॅडजस्ट फक्त पैसे भरणाऱ्यानंच का करायचं? दरवर्षी आम्ही आणि आमचे पालक ऑनलाइन हमीपत्र भरतो, रॅगिंग करणार नाही म्हणून. यूजीसीचा २००९ चा नियम आहे, योग्यच आहे, भरायलाच पाहिजे. मग एक हमीपत्र संस्थेकडूनही घ्या की! टाकी भरलेली राहील, खाडे वजा होतील, आणि तक्रार घेणारा माणूस मार्क देणारा नसेल. रेक्टर दुसऱ्या कॉलेजातला नेमा, निवृत्त माणूस नेमा, कुणीही नेमा. पण तो आमच्या वर्गावर नको.

पुढच्या वर्षी खोली करायची ठरवलीय, मम्मीची समजूत अजून काढायचीय. हॉस्टेल सोडायला 'नो ड्यूज', म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, लागतं आणि त्यावर सही, अर्थातच, रेक्टर मॅडमची. सोडण्याचं कारण या रकान्यात "वैयक्तिक लिही, सगळे तेच लिहितात" असं क्लार्कनं सुचवलं. मी लिहिलंय: पाणी, खाडे, गेट. बघू सही कधी होते ते.