‘वाचवा’ नावाचं बटण

सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करावं, याची तत्त्वं शिकायचं तुम्ही मनावर घेतलंय म्हणे. जरूर शिका. तत्त्व माहीतच नसेल तर ते मोडल्याचं श्रेय कसं घेणार?

सुरुवात डॉन नॉर्मनपासून करा. या मानसशास्त्रज्ञाने 1988 साली दारं, नळ, शेगडीची बटणं अशा गोष्टींवर अख्खं पुस्तक लिहिलं. दार ढकलायचं की ओढायचं हे कळलं नाही, तर चूक माणसाची नाही, दाराची, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे हे चालत नाही. आपल्याकडे कपाळावर दार आपटलं की दारवालाच विचारतो, ‘डोळे कुठे होते?’ तेव्हा या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि पुस्तक मॅनेजरला दिसेल असं टेबलावर ठेवा.

मग याकोब नील्सन, वापरायला सोपं काय याच विषयातला जाणकार. सॉफ्टवेअर सोपं आहे का ते तपासायच्या त्याच्या 1994 च्या दहा कसोट्या पाठ करा. मुलाखतीत विचारतात, नोकरी लागल्यावर पुन्हा कोणी विचारत नाही. पहिली कसोटी, आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला कळत राहू द्या. दुसरी, त्याच्या भाषेत बोला. बाकीच्या आठ पुढे-मागे येतीलच.

आता प्रत्यक्ष काम. समजा, तुमच्या महाप्याच्या कंपनीला घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीचं काम मिळालं. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारं ॲप करायचं. आजवर तिथे वही होती. नाव, फ्लॅट, वेळ, सही असे चार रकाने आणि सुतळीने बांधलेलं पेन, कारण आधीचं पेन कुरियरवाला घेऊन गेला.

पहिलं पथ्य म्हणजे गेटवर जायचं नाही. ‘घोडबंदरला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला’ हे कारण कोणत्याही मीटिंगमध्ये खपतं, वर लोक हळहळतातही. नील्सनबाबा सांगतो की, खरी वापरणारी पाच माणसं समोर बसवून नुसतं बघितलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. तुम्हीही पाच माणसं बसवा की. दोन डेव्हलपर, एक टेस्टर, मॅनेजर आणि मॅनेजर ज्याला ‘एकदा बघ रे’ म्हणाला तो. एसी चालू, वायफाय चालू, टॅब कोरा करकरीत. कोणीही अडखळत नाही. अडखळेल कसं? पुढचा स्क्रीन कुठला, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

भाषेचं काम त्याहून सोपं. इंग्रजी शब्दांची यादी मशीनला द्या, चहा होईपर्यंत मराठी तयार. सेव्हचं ‘वाचवा’ होतं आणि डिसमिसचं ‘बडतर्फ करा’. म्हणजे रात्री साडेअकराला पार्सलवाला गेटवर ताटकळत असताना वॉचमनकाकांनी ‘वाचवा’ दाबायचं. कोणाला, ते ॲप सांगत नाही. मध्येच स्क्रीनवर कसलीशी सूचना आली तर ‘बडतर्फ करा’ दाबायचं. काका ते दाबत नाहीत. कंत्राटावरच्या माणसाने असलं बटण स्वतःच्या हाताने का दाबावं? सूचना मग तिथेच राहते आणि तिच्याखाली निम्मा फॉर्म झाकला जातो. पाहुण्याचं नाव मराठीत टाकलं की लाल अक्षरांत येतं, ‘कृपया फक्त अक्षरे वापरा’. यावर वाद घालू नका. अक्षर कशाला म्हणायचं ते सर्व्हर ठरवतो.

बटणाच्या आकाराबद्दल पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाचा 1954 चा नियम आहे. लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. ॲपल बोटासाठी स्क्रीनच्या मापात किमान 44 पॉइंट जागा ठेवा म्हणतं. तुम्ही बटण मुगाच्या दाण्याएवढं करा, आणि तेही करड्यावर करडं. दिसायला फार उच्चभ्रू. मे महिन्यातल्या दुपारी गेटवर त्या काचेत काकांना फक्त स्वतःचा चेहरा दिसतो, पण भांग पाडायला तेवढं पुरतं.

मीटिंगमध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचं नाव मात्र न चुकता घ्या. 1956, माणसाच्या लक्षात एका वेळी सात अधिक-उणे दोन गोष्टी राहतात. म्हणून मेनूत सातच गोष्टी. मिलर लक्षात ठेवण्याबद्दल बोलत होता आणि मेनू तर डोळ्यांपुढेच असतो, हे तुमच्या लक्षात आलं तरी बोलू नका. रंगलेल्या मीटिंगचा विरस करू नये.

चूक सुधारण्याची सोय ठेवायचीच झाली तर अशी ठेवा. ‘नोंद रद्द करायची का?’ आणि खाली दोन बटणं, ‘रद्द’ आणि ‘ठीक’. रद्द दाबलं तर नोंद रद्द की रद्द करणं रद्द? काकांना विचार करू द्या, रात्रपाळीत जागं राहायला मदत होते. कोणी फारच टोकलं तर हवाईचा दाखला द्या. 13 जानेवारी 2018 ला तिथल्या लोकांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा सरकारी यंत्रणेकडून गेला. तो खोटा होता, आणि तसं कळवणारा संदेश मोबाइलवर यायला 38 मिनिटं लागली, कारण इशारा मागे घ्यायचा मजकूर कोणी तयारच ठेवला नव्हता. अमेरिकेत हे चालतं, मग आपण कोण?

संध्याकाळी परतताना ठाणे स्टेशनवर एक काळजी घ्या, मान वर करून इंडिकेटर बघू नका. गाडी कुठली, किती वाजताची, स्लो की फास्ट, किती डब्यांची, हे सगळं एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन पळणाऱ्या माणसाला एका नजरेत कळतं. लॉगिन नाही, ओटीपी नाही, ‘आमचं ॲप कसं वाटलं’ नाही. असल्या वस्तूकडे रोज बघितलं तर मनावर परिणाम होतो.

दोन महिन्यांनी पहिला अहवाल येईल. मोबाइल नंबर तुम्ही सक्तीचा केला होता आणि ओटीपी येईपर्यंत गेटबाहेर रिक्षांचे हॉर्न सुरू व्हायचे, म्हणून काकांनी आपला मार्ग शोधला. ओटीपी टाळायला जे ‘नंतर पडताळा’ होतं ते दाबायचं आणि नंबराच्या जागी दहा वेळा नऊ. अहवालानुसार एकच इसम दूधवाला, प्लंबर, मावशी, इलेक्ट्रिशियन आणि तेराव्या मजल्यावरचा जावई अशा नाना रूपांत दिवसभर सोसायटीत येत असतो. तो बाहेर गेल्याची मात्र एकही नोंद नाही. ॲपने त्याला ‘सन्माननीय पाहुणा’ हा दर्जा दिलाय. सेक्रेटरींनी विचारलं तर ‘युजर एरर’ म्हणा आणि प्रशिक्षणाचं वेगळं कोटेशन पाठवा.

मग एखाद्या रविवारी त्याच सोसायटीत आत्याकडे जेवायला जायची वेळ येईल. टॅब खुर्चीवर असेल, त्याच्यावर काकांचा डबा. तुम्ही खिशातून मोबाइल काढाल, तर काका म्हणतील, ‘राहू द्या हो साहेब, वहीत लिहा, पटकन होतं.’

नाव, फ्लॅट, वेळ, सही. सुतळी थोडी आखूड आहे, जरा वाकावं लागेल.