टाकी उतरवायची गरज नाही म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

जुन्या व्हॅनची डिझेल टाकी उतरवून दुरुस्त करण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टाकी उतरवायची गरजच नसते, गाडी वर घेऊन ग्राइंडरला तारेचा ब्रश लावायचा, खालून गंज काढायचा, रंग मारला की भागतं. आतलं लायनर, म्हणजे टाकीत ओतून बसवलेला लेप, पुढे सुटतं आणि फिल्टर तुंबवतं. टाकी फारच गेली असेल तर नवीन घ्यावी. टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या बोल्टना आदल्या दिवशी तेल सोडायचं मी लिहिलंच नाही. आणि शेवटी, "साहेब, उंटावरून शेळ्या हाकू नका, आधी हात काळे करा."

आधी या शेवटच्या वाक्याचं बघू. मतभेदाला माझी कधीच हरकत नव्हती. पण ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही त्याने हात काळे केले की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? नीट परिच्छेद पाडून लिहितो म्हणून? माझे वडील गाड्यांचंच काम करायचे. शाळेतून आलो की दप्तर टाकून मी गाडीखाली. आधी पाने हातात देण्याचं काम, मग सुटे भाग डिझेलमध्ये धुण्याचं, आणि बऱ्याच उशिरा स्वतः बोल्ट सोडायची परवानगी. पुढे नोकरी वेगळी धरली, पण गाडीखाली पडून काम करणं सुटलं नाही. लेखातल्या फोटोंतला हात माझा आहे. फोटो मोठा करा आणि नखं बघा. "साहेब" ही हाक आदराची नव्हती हे मला कळतं, तुम्हालाही कळतं.

बोल्टचा मुद्दा मान्य. आदल्या रात्री तेल सोडलं तर गंजलेला बोल्ट मोडायची शक्यता बरीच कमी होते. ती ओळ आता लेखात घातली आहे. आभार.

आता "खालून ब्रश मारला की भागतं" याबद्दल. टाकीचा तळ डोळ्यांसमोर असतो, त्याला वारा लागतो, तो वाळतो. जुन्या व्हॅनमध्ये टाकी सडते ती बहुतेक वेळा वरून. वरचा पत्रा आणि गाडीचा तळ यांच्यात जेमतेम बोटभर फट. चाकाने उडवलेला चिखल तिथे जाऊन बसतो आणि लवकर वाळत नाही. दुसरी जागा पट्ट्यांखालची. टाकी घासू नये म्हणून पट्टीखाली रबर असतं, आणि तेच रबर पाणी धरून ठेवतं. या दोन्ही जागा गाडीखाली उभं राहून दिसत नाहीत. तिथे ब्रश पोचणार कुठून?

माझ्याच व्हॅनचं सांगतो. खालून टाकी काळीभोर, नवी वाटावी अशी, कारण आधीच्या मालकाने तुमचाच उपाय केला होता. तक्रार एवढीच की टाकी फुल केली की डिझेलचा वास यायचा आणि काटा पाऊणवर आला की जायचा. म्हणजे भोक वर आहे, हे काम केलेला माणूस लगेच ओळखेल. जॅकवर फळी ठेवून टाकी खाली घेतली. मागची पट्टी सोडवून रबर सोललं, तर त्याखाली गंजाचे पापुद्रे, एकावर एक, ओलेच. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आत गेलं. वरच्या पत्र्यावर फ्लोट (काट्याला डिझेलची पातळी कळवणारा भाग) बसतो त्याच्या कडेने डिझेलने भिजलेल्या मातीचा चिकट थर होता. तो खरवडल्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली. वरून आलेलं पाणी अशाच भोकांतून आत उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि टाकी आतूनही गंजायला लागते. खालून रंग मारून हे थांबतं असं तुम्ही वाचकांना सांगताय.

आणि तो ग्राइंडर! टाकी गाडीवर असताना, गाडी डिझेलची की पेट्रोलची हेही न विचारता! तारेच्या ब्रशने ठिणग्या उडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते, म्हणजे तुम्ही काम करताय तिथेच. हवेत ती दीड टक्क्याच्या आसपास असली तरी पेट घेते. उणे ४० अंशांनाही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडत असतं. डिझेलला त्यासाठी बरंच जास्त तापावं लागतं, पण ग्राइंडरखाली तापलेल्या पत्र्याला तेवढं तापमान म्हणजे काहीच नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची, कारण तिच्यात वाफेला जागा असते. वडिलांच्या एका सहकाऱ्याने नुसत्या पाण्याने धुतलेल्या टाकीवर गॅसची ज्योत धरली होती. जोडात अडकलेलं पेट्रोल तापलं, टाकी उसवली आणि त्यांचे हात कोपरापर्यंत भाजले. हे मी पाहिलंय. त्यामुळे या बाबतीत मला कुणी भित्रा म्हटलं तरी चालेल, पण असला सल्ला माझ्या लेखाखाली उत्तराविना राहू देणार नाही.

लायनरबद्दल फार बोलत नाही. गंज आणि तेलकटपणा न काढता ओतलेलं लायनर सुटतं. गंज सोडवायला टाकीत साखळी हलवणं, फॉस्फोरिक आम्ल, धुणं, वाळवणं, लायनर ओतल्यावर रिटर्न पाइपमध्ये (उरलेलं डिझेल टाकीत परत आणणाऱ्या) हवा मारणं, सगळं लेखात आहे. नवीन टाकी मिळत असेल तर जरूर घ्या. ज्या गाड्यांच्या टाक्या बाजारात यायच्या बंद झाल्या त्यांच्यासाठी हा लेख आहे, असं पहिल्याच ओळीत लिहिलंय. निदान तेवढी ओळ तरी वाचायची होती.

पुन्हा लिहायचं असेल तर लिहा. त्याआधी स्वतःच्या गाडीची टाकी फुल करा आणि मागच्या पट्टीच्या वरच्या फटीत बोट घालून बघा. बोट डिझेलने ओलं निघालं तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि टाकी उतरवा.