रविवारी संध्याकाळी मेस बंद राहील

पुण्यात सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत राहणाऱ्या विद्यार्थ्याचं खरं ओळखपत्र म्हणजे मेसचं कार्ड. एका बाजूला अन्नपूर्णेचं चित्र, दुसऱ्या बाजूला चौकटी. दिवसाच्या दोन, महिन्याच्या साठ. ताट उचलायच्या आधी मेसवाले काका चौकटीवर फुली मारतात. पैसे साठांचे आणि आगाऊ. मग कार्डाच्या तळाशी, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत एक ओळ येते: रविवारी संध्याकाळी मेस बंद राहील. साठातली चार गेली. महिन्यात रविवार पाच आले तर पाच. दुपारी ‘फीस्ट’ असते, त्यात सगळं वसूल होतं असं काकांचं म्हणणं. एक गुलाबजाम आणि तेलाचा थर आलेली पनीरची भाजी रात्री अकरापर्यंत पोटात टिकते, असा त्यांचा पचनसंस्थेवर विश्वास आहे.

दुसरं कलम खाड्याचं. गावी जाणार असाल तर जेवण बंद ठेवता येतं, पण आदल्या दिवशी सांगून, आणि सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाहीत. विद्यार्थी गावी जातो शनिवार-रविवार. म्हणजे दोन दिवस. ही अट ज्याने शोधून काढली तो स्पर्धा परीक्षेला बसला असता तर पहिल्याच फटक्यात निघाला असता. काकांची बाजूही खोटी नाही म्हणा. कणीक सकाळी माणसं मोजून भिजवली जाते, आणि न सांगता चाळीसपैकी दहा जण आले नाहीत तर पोळ्यांचा ढीग उरतो. तो दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी होऊन आपल्यापुढे येतो.

‘अनलिमिटेड’ या शब्दाने नवा मुलगा हुरळतो. पोळ्यांना मर्यादा नसते, वेळेला असते. रात्री पावणेदहाला पोचलात तर भाजी संपलेली असते आणि वरणात तिसऱ्यांदा गरम पाणी पडलेलं असतं. वरण उभं राहिलं की घट्ट होतं, म्हणून पाणी घालतात. पाणी वाढलं की मीठ आणि हळद घालतात. डाळ मात्र सकाळी पडली तेवढीच. कडधान्यात सोडा घालण्याची खोडही जुनीच. सोड्याने मटकी, चवळी झटपट शिजते, पण सालं सुटून लगदा होतो, चव साबणासारखी लागते आणि ब-१ जीवनसत्त्व बरंचसं जातं. सिलिंडरमधला गॅस वाचतो तो असा आपल्या पोटात जमा होतो.

आता हिशोब मांडू. आयसीएमआर-एनआयएनने, म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात, ५५ किलोच्या बाईला साधारण ४६. मेसच्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ पंधरा ग्रॅम धरली तर प्रथिनं निघतात तीन-साडेतीन ग्रॅम. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीतही तीनच. म्हणजे ज्या वरणाकडे आपण पौष्टिक म्हणून आदराने पाहतो, त्याची वाटी एका पोळीच्या बरोबरीची. दोन वेळच्या मिळून आठ पोळ्या, दोन वाट्या वरण आणि दोन्ही वेळचा भात, असं सगळं जमवलं तर आकडा चाळिशीच्या आसपास जातो. तो भाजीने वाढत नाही, कारण भाजी कोणतीही असली तरी तिच्यात बटाटा असतो. फ्लॉवर-बटाटा, वांगं-बटाटा, वाटाणा-बटाटा. उरलेला खड्डा भरायला मूठभर शेंगदाणे (तीस ग्रॅमला सात ग्रॅमच्या वर) आणि एक अंडं (सहा ग्रॅम) पुरतं. पण आमच्यातला कोणी शेंगदाणे आणत नाही. तो व्यायामशाळेतल्या मित्राचं ऐकून पावडरच्या डब्याची किंमत पाहतो, दचकतो आणि चहा-क्रीमरोल खाऊन अभ्यासिकेत परततो.

सरकारने यावर काही केलं नाही असं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी. तिच्यात पुण्यासारख्या मोठ्या शहराला भोजनभत्ता ठरला वर्षाला ३२,००० रुपये. बाराने भागलं की २,६६६. आज पेठेतली दोन वेळची मेस एवढ्यात बसवून दाखवा. शिवाय भत्ता मागाहून आणि हप्त्यांनी, तर मेस आगाऊ आणि एकरकमी. या दोन टोकांच्या मधल्या महिन्यांत माणूस एकवेळचं कार्ड काढतो, त्याला ‘डाएट’ म्हणतो आणि घरी फोनवर ‘जेवलो’ सांगतो. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तिचं मापही ग्रॅममध्ये ठरलेलं होतं: तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. सुरुवातीला वेळ होती दुपारी बारा ते दोन. म्हणजे नेमकी प्रॅक्टिकलची. योजना चांगलीच, पण विशीतल्या पोराला ते मधल्या वेळचं खाणं. पूर्वी याच पेठांत गरीब मुलं वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सातही वार मिळेपर्यंत उरलेल्या वारी उपाशी. आमचा आठवड्यातला एकच वार रिकामा आहे, तोही अर्धा. प्रगती म्हणायची.

या अर्ध्या वारासाठी केटल असते. कॉट बेसिसच्या, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरायच्या खोलीत स्वयंपाकाला बंदी असली तरी पाणी तापवायला कोणी हरकत घेत नाही, आणि ‘पाणी’ या सदरात काय काय बसवता येतं हे मालकांना माहीत नसतं. नूडल्स थेट केटलमध्ये टाकू नका. पाणी उकळलं की वाफ आतल्या पट्टीला लागते आणि केटल आपोआप बंद पडते. ती बंद पडू नये म्हणून हुशार मंडळी झाकण उघडं ठेवतात. मग वाफ पट्टीपर्यंत जातच नाही, फेस उतू जाऊन खालच्या विजेच्या जोडणीत शिरतो आणि पुढचा आठवडाभर चहाला मसाल्याचा वास येतो. तांदूळ तर नकोच. पेज तळाला धरते, करपते आणि केटल कायमची रुसते. अंडी मात्र जमतात: बुडतील एवढं पाणी, उकळी येऊन केटल बंद पडली की झाकण न उघडता बारा मिनिटं. सोया चंक्स स्टीलच्या डब्यात घेऊन वरून उकळतं पाणी ओता, पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि दोनदा घट्ट पिळा. पिळण्याचा आळस केलात तर जो वास येतो त्याने रूममेटसुद्धा अभ्यासाला लागतो. वर दही, मीठ, शेंगदाण्याची चटणी.

आणि दोन केटल एका एक्स्टेन्शनवर लावू नयेत. १५०० वॅटची एकच केटल साडेसहा अँपिअर ओढते, खोलीतलं छोटं सॉकेट सहाचं. दुसरी लावली की मजल्याची वीज जाते आणि मालक जिना चढून ‘पाणी’ पाहायला येतात.

तीन-चार महिन्यांनी जीभ कंटाळते आणि मेस बदलण्याची लाट येते. नवी मेस पाहायला रविवारी दुपारी जाऊ नका. त्या दिवशी सगळ्याच मेस सुगरण असतात. गुरुवारी रात्री साडेनऊला जा आणि गेस्ट म्हणून एक ताट घ्या. वरणाची वाटी दोन मिनिटं न हलवता ठेवा, वर किती पाणी सुटतं ते पाहा. गार पोळी दुमडून पाहा, तुटली तर डबा लावायचा विचार सोडा. वाटीचा तळ बोटाने चाचपा, बाहेरून खोल दिसणारी वाटी आतून उचललेली असते. खाड्याचा नियम तोंडी नको, कार्डावर लिहून घ्या. आणि काका स्वतः कुठे जेवतात याची चौकशी करा. त्यांचा डबा घरून येत असेल तर कार्ड पंधरा दिवसांचंच काढा.